ट्यूडर लंडनच्या नाटकघरातली साहसकथा मुलांसाठी कशी लिहावी

ट्यूडर काळातल्या लंडनवर मुलांसाठी गोष्ट लिहायला बसलं की तलवारबाजी, गुप्त भुयार, हरवलेला राजपुत्र आणि खजिन्याचा नकाशा न बोलावता हजर होतात. त्यांना सध्या दाराबाहेरच थांबवा. सोळाव्या शतकाच्या अखेरचं इंग्रजी नाटकघर मुळातच धोक्याचं होतं. प्लेगची साथ आली की कुलूप, आश्रयदाता सरदार गेला की मंडळी उघड्यावर, एखादं वाक्य दरबाराला झोंबलं की लेखक तुरुंगात. अशा ठिकाणी वाढणाऱ्या अकरा-बारा वर्षांच्या पोराला साहस शोधायला लांब जावं लागत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की मुलाला आधी नाटकघरातलं काम द्या, ते काम नीट समजून घ्या आणि संकट त्या कामातूनच येऊ द्या. वाचक दहा ते चौदा वर्षांचा आहे, मराठी आहे आणि त्याने लंडन पाहिलेलं नाही, असं धरून पुढच्या पायऱ्या मांडतो.

पायरी पहिली : एक हिवाळा निवडा

इंग्लंडवर ट्यूडर घराण्याची सत्ता १४८५ ते १६०३. पण आपल्याला हवी ती नाटकघरं शेवटच्या पाव शतकातली आहेत. जेम्स बर्बेजने शोरडिचमध्ये ‘द थिएटर’ बांधलं ते १५७६ साली. त्याच्या शेजारी ‘कर्टन’ १५७७ मध्ये उभं राहिलं, थेम्सच्या दक्षिण काठावर ‘रोज’ १५८७ मध्ये, ‘स्वॉन’ १५९५ च्या सुमारास आणि ‘ग्लोब’ १५९९ मध्ये. ‘एलिझाबेथ राणीच्या काळी’ असं मोघम लिहून चालणार नाही. कथा काही आठवड्यांत बसवा. मुलांच्या साहसकथेला घाई लागते, आणि घाईसाठी तारीख लागते.

मी स्वतः चार काळ सुचवीन. पहिला १५९२-९३, प्लेगचा. नाटकघरं बंद, मंडळ्या गाड्यांवर सामान लादून गावोगाव फिरताहेत. एडवर्ड ॲलन या बड्या नटाने १५९३ च्या उन्हाळ्यात दौऱ्यावरून बायकोला लिहिलेलं पत्र टिकून आहे. साथीपासून जपण्यासाठी दारापुढे रोज पाणी मार, खिडक्यांत सताप ठेव, असं तो बजावतो आणि त्याच पत्रात नारिंगी मोज्यांना काळा रंग द्यायलाही सांगतो. त्याच्या एका शागिर्दाच्या नावाने, पिगच्या नावाने, मालकिणीला लिहिलेलं थट्टेखोर पत्रही आहे. साथीच्या काळातलं घरचं बोलणं कसं असतं ते या दोन कागदांतून जितकं कळतं तितकं जाड इतिहासग्रंथातून कळत नाही.

दुसरा काळ फेब्रुवारी १६०१ चा. ७ तारखेला, शनिवारी, अर्ल ऑफ एसेक्स या नाराज सरदाराच्या माणसांनी लॉर्ड चेंबरलेनच्या मंडळीला, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकमंडळीला, नेहमीच्या उत्पन्नावर ४० शिलिंग जास्त देऊन राजाला पदच्युत करण्याचं जुनं नाटक करायला लावलं. दुसऱ्या दिवशी एसेक्सने बंड केलं. ते फसलं. नटांची चौकशी झाली, पण ते सुटले आणि २४ तारखेला त्यांनी खुद्द राणीपुढे प्रयोग केला. २५ तारखेला एसेक्सचा शिरच्छेद झाला. मोठ्यांसाठी हे सोनं आहे. दहा वर्षांच्या वाचकाला मात्र राजकारण समजावण्यात तुमची चाळीस पानं जातील, म्हणून पहिल्या पुस्तकाला मी तो काळ घेणार नाही.

तिसरा डिसेंबर १६०० चा आणि चौथा डिसेंबर १५९८ चा. मुलांच्या गोष्टीसाठी हे दोन सगळ्यांत सरस.

१३ डिसेंबर १६०० रोजी थॉमस क्लिफ्टन हा तेरा वर्षांचा मुलगा शाळेला निघाला असताना त्याला रस्त्यातून उचलून ब्लॅकफ्रायर्सच्या नाटकघरात नेलं. तिथे मुलांचीच नाटकमंडळी होती. राणीच्या चॅपलमधल्या गायनासाठी मुलं ताब्यात घेण्याचा सरकारी परवाना चालकांकडे होता, तो त्यांनी नाटकासाठी वापरला. थॉमसच्या हातात पाठ करायला संवादांचा कागद दिला आणि पाठ झालं नाही तर फटके मिळतील असं सांगितलं. त्याचे वडील हेन्री क्लिफ्टन वजनदार गृहस्थ होते. त्यांनी वरपर्यंत धाव घेऊन एका दिवसात मुलगा सोडवला आणि पुढे स्टार चेंबर या न्यायालयात तक्रार केली. त्या तक्रारीत अशाच पळवलेल्या इतर मुलांची नावं आहेत. त्यातला नेथन फील्ड घरी परतला नाही. तो नाटकातच राहिला, नामवंत नट झाला, नाटककारही झाला. दुसरा, सॅलोमन पेव्ही, म्हाताऱ्यांच्या भूमिकांसाठी गाजला आणि तेराव्या वर्षाच्या आसपास वारला. इथे कथेचा प्रश्न आयता हातात येतो. ज्याच्या बापाकडे पोहोच नाही त्या मुलाचं काय? आणि त्याला तिथे राहायला आवडू लागलं तर?

डिसेंबर १५९८ ची गोष्ट पुढे नमुना म्हणून वापरणार आहे, म्हणून ती नीट सांगतो. ‘द थिएटर’ची इमारत बर्बेजची, जमीन गाइल्स ॲलनची. भाडेपट्टा १५९७ च्या वसंतात संपला आणि त्याआधी दोन महिने जेम्स बर्बेज वारला. मुलगे कथबर्ट आणि रिचर्ड यांची ॲलनशी बोलणी फिसकटली. नाटकघर रिकामं पडलं आणि मंडळी जवळच्या ‘कर्टन’मध्ये खेळू लागली. इमारत पाडून लाकूड स्वतः वापरायचा ॲलनचा बेत होता. तो गावी गेला असताना, २८ डिसेंबर १५९८ च्या सुमारास, बर्बेज बंधू सुतारांचा म्होरक्या पीटर स्ट्रीट आणि त्याची माणसं घेऊन आले आणि अख्खं नाटकघर उतरवू लागले. जेम्सची विधवा बाजूला उभी राहून पाहत होती. त्याच लाकडातून पुढे नदीपलीकडे ‘ग्लोब’ उभं राहिलं. ॲलन कोर्टात गेला. ते लोक तलवारी, खंजीर, कुऱ्हाडी घेऊन दंगा करत आले, असं त्याचं म्हणणं.

पायरी दुसरी : मुलाला काम द्या

‘नेड शूर आणि हुशार होता’ याने काहीच घडत नाही. ‘नेड रंगपटात झगे सांभाळतो’ म्हटलं की त्याच्या हातात सुई येते, खिशात किल्ली येते, आणि काही हरवलं तर पहिला संशय त्याच्यावर येतो.

सगळ्यात ठळक काम म्हणजे स्त्रीपार्ट करणाऱ्या मुलाचं. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर १६६० नंतरच स्त्रिया आल्या, तोवर राण्या आणि राजकन्या मुलंच करत. बालगंधर्वांचं नाव घरात ऐकलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही, हा आपला मोठा फायदा आहे. इंग्रजी पुस्तकं ज्या गोष्टीची ओळख करून द्यायला दोन पानं घेतात ती आपण एका ओळीत ओलांडू शकतो. अशी मुलं मंडळीतल्या एखाद्या नटाकडे शागीर्द म्हणून राहत. खाणं, झोपणं, शिकणं, मार, सगळं त्याच्याच घरी. फिलिप हेन्स्लो या नाटकघर-मालकाच्या हिशेबवहीत डिसेंबर १५९७ मध्ये जेम्स ब्रिस्टो नावाचा मुलगा एका नटाकडून ८ पौंडांना घेतल्याची नोंद आहे. आठ पौंड म्हणजे किती ते वाचकाला असं सांगा. लेखकाला एका पूर्ण नाटकाचे साधारण ६ पौंड मिळत आणि एखाद्या मखमली झग्याला त्याहून जास्त पडत.

पण शागीर्द नट हा एकच पर्याय नाही. दारावर पैसे गोळा करणारे असत. कपडेपटाचा मदतनीस असे. नाटकाची प्रत सांभाळणाऱ्याच्या हाताखाली धावपळ करणारा पोऱ्या, ढगांच्या मजल्यावर गडगडाटासाठी तोफेचा गोळा घरंगळत सोडणारा, प्रेक्षकांचे घोडे धरणारा, होडीवाल्याचा मुलगा, हे सगळे चालतील.

मुलगी नायिका हवी असेल तर मुलाचा वेश घेऊन रंगमंचावर जाणारी मुलगी ही युक्ती टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. ती फार वापरून झाली आहे, आणि मास्तरच्या घरी इतर पोरांसोबत एका बिछान्यावर झोपणाऱ्या मुलीचं गुपित चार दिवसही टिकणार नाही. दारावर पैसे घेण्याचं काम बायकाही करत. फळं, काजूबदामासारखी हेझलनटं आणि एल नावाची बिअर विकणाऱ्या बायका असत. शिवणकाम करणाऱ्या असत. एक पेनी घेऊन आत सोडणारी मुलगी दिवसाला शेकडो चेहरे पाहते, कोण कोणाशी कुजबुजतो ते तिला दिसतं. हेराच्या गोष्टीसाठी याहून चांगली जागा नाही, आणि तिथे ती मुलगी म्हणूनच उभी असते.

पायरी तिसरी : नाटकघराचा एक दिवस पाठ करा

लिहिण्याआधी एका वहीत सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस तासातासाने मांडा. निम्मी कादंबरी या वहीतच सापडते.

सकाळी तालीम, तीही तोकडी, कारण आठवड्याचे सहा दिवस खेळ आणि जवळजवळ रोज वेगळं नाटक. मोठे नट कितीतरी भूमिका एकाच वेळी डोक्यात ठेवत. नटाला पूर्ण नाटक हातात मिळत नसे. त्याला फक्त त्याची नक्कल मिळे, म्हणजे स्वतःचे संवाद आणि प्रत्येक संवादाआधी दुसऱ्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-चार शब्द, कागदाच्या लांब गुंडाळीवर. नट एडवर्ड ॲलनची अशी एक गुंडाळी लंडनमधल्या डल्विच कॉलेजात अजून आहे. अख्खं नाटक एकाच वहीत, आणि ती वही प्रत सांभाळणाऱ्याच्या ताब्यात. कोण कधी प्रवेश करतो याचा तक्ता रंगपटात टांगलेला. इथे लेखकाने थांबून विचार करावा. कोणाला ते नाटक चोरायचं असेल तर एक वही पळवावी लागेल, नाहीतर प्रत्येकाची नक्कल. आणि तुमच्या नायकाला आपल्या संवादाचा अर्थ प्रयोगात उभं राहीपर्यंत कळणारच नाही. दुसऱ्याचं वाक्य पहिल्यांदा ऐकून तो दचकतो, हा क्षण तुम्हाला फुकट मिळतो.

दुपारी छपरावर निशाण चढे, तुतारी तीनदा वाजे, आणि दोनच्या सुमारास खेळ सुरू होई. थॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने सप्टेंबर १५९९ मध्ये गवताने शाकारलेल्या नाटकघरात ज्युलियस सीझरवरचं नाटक पाहिलं, आणि दरही लिहून ठेवले. मोकळ्या आवारात उभं राहायला एक पेनी, सज्जात बसायला आणखी एक, उशीवर बसायला तिसरी. उंची वस्त्रं कुठून येत तेही तो सांगतो. सरदार मरताना आपले कपडे नोकरांना देत, नोकरांना ते घालणं शोभत नसे, मग ते नटांना विकले जात. म्हणजे तुमच्या नायकाच्या अंगावर एखाद्या मेलेल्या सरदाराचा कोट आहे. त्या कोटाच्या अस्तरात काय शिवलेलं आहे, हे ठरवायला तुम्ही मोकळे आहात.

पैसे मातीच्या गल्ल्यात पडत आणि खेळानंतर गल्ला फोडला जाई. १९८९ मध्ये ‘रोज’चा पाया उकरला तेव्हा अशा गल्ल्यांचे तुकडे आणि हेझलनटच्या टरफलांचा थर सापडला. २०१६ मध्ये ‘कर्टन’च्या जागी खोदकाम झालं तेव्हा ते गोल नसून आयताकृती होतं हे कळलं, आणि पक्ष्याच्या आकाराची मातीची शिट्टीही मिळाली. प्रयोगात आवाज काढायला ती वापरली असावी. मुलांच्या पुस्तकाला अशी एक वस्तू पुरते. नेडच्या गळ्यात ती शिट्टी असू द्या.

उजेड सूर्याचा. पुढचा पडदा नाही. डिसेंबरात चार वाजता अंधारून येतं, म्हणून शेवटचे प्रवेश भराभर उरकावे लागतात. रंगमंचात खाली जायचा चोरदरवाजा, वर रंगवलेलं आकाश. रक्तासाठी जनावराच्या मूत्राशयात भरलेलं रक्त. मुलांच्या चेहऱ्याला शिशाचा पांढरा लेप, जो विषारी असतो. हेन्स्लोच्या मंडळीच्या १५९८ च्या यादीत नरकाचं तोंड आहे, थडगं आहे, आणि अदृश्य होण्यासाठी घालायचा झगाही आहे. तो घातला की प्रेक्षकांनी समजून घ्यायचं की हा कोणाला दिसत नाही. बालवाचक यावर खूश होतो, पण तेवढ्यावर न थांबता तो झगा कथेत कामाला लावा.

पायरी चौथी : संकट नियमांतून काढा

त्या जगाचे नियम लिहा, आणि प्रत्येक नियमापुढे लिहा की तो मोडला तर मुलाचं काय होईल.

१५७२ च्या कायद्याप्रमाणे उमरावाचा आश्रय नसलेला नट हा भटक्या गुन्हेगार. शिक्षा फटके, आणि तापल्या लोखंडाने उजव्या कानाला भोक. म्हणून दौऱ्यावर मंडळीचा परवान्याचा कागद जिवापेक्षा मोलाचा. तो नेडच्या पेटीत असेल आणि ओढा ओलांडताना पेटी वाहून गेली, तर पुढच्या गावाच्या वेशीवर सगळ्यांचे कान पणाला लागतात. इथे खलनायक नाही, तरी वाचकाचा श्वास अडकेल.

नाटक मंचावर येण्याआधी ‘मास्टर ऑफ द रेव्हल्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी लागे. १५७९ पासून ट्यूडर काळ संपेपर्यंत हे काम एडमंड टिल्नीकडे होतं. १५९७ मध्ये ‘आइल ऑफ डॉग्ज’ नावाच्या नाटकावरून सरकार इतकं भडकलं की बेन जॉन्सन आणि दोन नट तुरुंगात गेले. ते नाटक आज उपलब्ध नाही. हरवलेली वही, ती जाळायला सांगितलेला पोऱ्या, आणि त्याने न जाळलेलं एक पान, एवढ्यावर एक कादंबरी उभी राहते.

शहराचे अधिकारी नाटकांच्या विरोधात, म्हणून नाटकघरं त्यांच्या हद्दीबाहेर. हद्द ओलांडली की पकडणारा बदलतो. पाठलागाच्या प्रसंगात याचा उपयोग करा.

पायरी पाचवी : नकाशा हाताने काढा

त्या काळच्या लंडनचे लाकडी ठशांचे नकाशे इंटरनेटवर मोफत दिसतात. ‘ॲगस’ नावाने ओळखला जाणारा नकाशा नाटकघरांच्या आधीचा आहे, हे ध्यानात ठेवा. त्यात ‘द थिएटर’ शोधू नका. तुमच्या वहीत एवढंच हवं. उत्तरेला तटाबाहेर शोरडिच, तटातला बिशप्सगेट दरवाजा, मधलं दाट शहर, मग थेम्स, तिच्यावर एकच पूल, आणि दक्षिणेला बँकसाइड. चालत साधारण तीन किलोमीटर. दरवाजे रात्री बंद. पुलावर दुतर्फा घरं आणि दुकानं, दक्षिणेच्या दरवाजावर देशद्रोह्यांची मुंडकी. पुलाला पर्याय होडीचा, भाडं एक पेनी. नायकाकडे ती पेनी आहे की नाही, यावर प्रकरणाचा वेग ठरतो.

पायरी सहावी : खरी माणसं जपून आणा

शेक्सपिअर आणायचाच, हा मोह प्रत्येकाला होतो. १५९८ च्या अखेरीस तो ३४ वर्षांचा, मंडळीतला भागीदार आणि नटही. त्याच्या तोंडी त्याचीच पुढची गाजलेली वाक्यं घालू नका, आणि ती त्याला नेडने सुचवली असं तर मुळीच दाखवू नका. तो दोन-तीनदा दिसावा, कामात असलेला. त्याचा मुलगा हॅम्नेट अकराव्या वर्षी, ऑगस्ट १५९६ मध्ये गेला. तुमचा नायक तेवढाच असेल तर त्या माणसाने त्याच्याकडे क्षणभर जास्त पाहिलं, एवढं पुरे. स्पष्टीकरण पुस्तकाच्या शेवटच्या टिपेत द्या.

कथेचा भार मात्र कल्पित माणसांवर ठेवा. खऱ्या माणसाच्या हातून नोंद नसलेला गुन्हा घडवू नका.

मराठी धागा हवासा वाटतो, हे मी समजू शकतो. एक खरा धागा आहे. राल्फ फिच हा लंडनचा व्यापारी १५८३ मध्ये ‘टायगर’ जहाजाने निघाला, इराणच्या आखाताच्या तोंडाशी होर्मुझला पकडला गेला, गोव्याच्या तुरुंगात पडला. तिथे त्याला मदत केली ती थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने, ज्याने पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. फिच १५९१ मध्ये लंडनला परतला. १५९० च्या दशकातल्या नेडला नाटकघरात एक उन्हाने रापलेला व्यापारी भेटू शकतो, ज्याने गोवा पाहिला आहे. कथेला गरज असेल तरच हा प्रसंग ठेवा. अकबर आणि चांदबिबी यांचा उल्लेख कथेत कोंबू नका. नगरचा वेढा १५९५-९६ मधला, म्हणजे याच काळातला, हे टिपेत सांगितलं की मराठी मुलाच्या डोक्यात काळ पक्का बसतो.

पायरी सातवी : भाषा आणि सुरुवात

बखरीची मराठी वापरू नका. ‘हुजूर’, ‘खाविंद’ म्हटलं की लंडन पुसलं जाऊन मोगल दरबार उभा राहतो. पोरं आपसात अरे-तुरे करतील, मास्तरला ‘मालक’ म्हणतील, आणि सरदारापुढे ‘आपण’ एवढा शब्द अंतर दाखवायला पुरतो. पेनी, शिलिंग, पौंड तसेच ठेवा. त्यांचे रुपये करू नका, पेनीत काय विकत येतं ते दाखवा.

पहिलं पान माहितीने सुरू करू नका. ‘१५९८ साली लंडन हे मोठे शहर होते’ या वाक्यावर मूल पुस्तक मिटतं. असं काहीतरी करून पाहा :

‘नेडने दाभण दातात धरलं आणि दोन्ही हातांनी राणीचा झगा उचलला. बगलेत उंदराने भोक पाडलं होतं. बाहेर दुसरी तुतारी वाजली. तिसरी वाजायच्या आत भोक शिवून व्हायला हवं होतं, कारण पहिल्याच प्रवेशात राणी हात वर करून शाप देणार होती, आणि राणी, म्हणजे चौदा वर्षांचा रॉबिन, खाली पेटीवर बसून कांदा खात होता.’

या चार वाक्यांत काम आहे, घाई आहे, आणि मुलं स्त्रीपार्ट करत हेही आलं आहे. समजावून सांगणारं वाक्य एकही नाही.

पायरी आठवी : प्रकरणं मांडा

नमुना म्हणून १५९८ ची मांडणी. नेड अकरा वर्षांचा, ‘कर्टन’च्या कपडेपटात. त्याला आकडे वाचता येतात, ही त्याची एकच खासियत. पहिल्या तीन प्रकरणांत रोजचं काम, रिकाम्या ‘थिएटर’मध्ये लपून खेळणारी पोरं, आणि जमीनमालक इमारत पाडणार ही कुणकुण. चौथ्यात त्याला रात्री निरोप घेऊन पीटर स्ट्रीटकडे पाठवलं जातं. पाचव्यात बिशप्सगेट बंद आणि तो तटाबाहेर अडकलेला. सहाव्यापासून मुख्य भाग. त्या काळचे सुतार लाकडी सांगाड्याच्या सांध्यांवर रोमन आकड्यांच्या खुणा करत, म्हणजे सुटा केलेला सांगाडा पुन्हा तसाच जोडता येई. नेडला काम मिळतं ते या खुणांची नोंद ठेवण्याचं. हा भाग माझी कल्पना आहे, पण ती त्या धंद्याच्या रीतीत बसते. आता साहस त्याच्या नोंदवहीवर अवलंबून आहे. वही गेली, तर जे उरेल तो नुसता लाकडांचा ढीग.

शत्रूच्या बाजूच्या एका मुलाला उभं करा, जमीनमालक गाइल्स ॲलनच्या नोकराचा मुलगा चालेल. त्याच्या तोंडून प्रश्न येऊ द्या की ही चोरी नाही का? पट्टा संपला होता, जमीन ॲलनची होती. बर्बेज म्हणत की जुन्या करारातल्या कलमाने इमारत नेण्याचा हक्क आमचा आहे. हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला. मुलांना खरं काय ते सांगायची घाई करू नका. दोघांनाही पटेल असं बोलू द्या.

लाकूड त्याच रात्री गोठलेल्या नदीवरून ओढत नेलं, ही लाडकी दंतकथा आहे. थेम्स त्या दिवसांत पुलापाशी जवळजवळ गोठली होती हे खरं, पण लाकूड बहुधा आधी नदीच्या अलीकडे स्ट्रीटच्या वखारीत ठेवलं गेलं आणि नंतर पलीकडे नेलं. बर्फावरचा प्रसंग हवाच असेल तर एकट्या नेडला वही घेऊन त्यावर उतरवा.

पायरी नववी : क्रौर्य किती दाखवावं

अस्वलांवर कुत्री सोडण्याचा खेळ नाटकघरांच्या शेजारीच चाले. पुलावरची मुंडकी रोजची होती. हे वगळलं तर खोटं होईल, रंगवून सांगितलं तर मूल घाबरेल आणि गोष्ट हरवेल. माझा उपाय असा की मुलाच्या नजरेतून एकच तपशील द्या आणि त्याला पुढे चालायला लावा. अस्वलाची डरकाळी नाटकातल्या हळव्या प्रसंगात भिंतीपलीकडून ऐकू येते, एवढं लिहा. छडीचा मार दाखवा, त्याचा आनंद घेऊ नका. शागिर्दाला शिव्या देणारा मालक विनोदी करू नका.

पायरी दहावी : खरडा तपासताना

एकदा फक्त ताटं तपासा. चहा-कॉफी नाही, टोमॅटो नाही, बटाटा सामान्य घरात नाही, जेवायला काटा नाही. मुलंही हलकी बिअर पीत. ते लपवू नका, एका वाक्यात सांगून पुढे जा. एकदा फक्त उजेड तपासा. प्रत्येक रात्रीच्या प्रसंगात कोणाच्या हातात काय जळतं आहे? एकदा वेळ तपासा. नेडकडे घड्याळ नाही, चर्चची घंटा आहे, त्यामुळे ‘पाच मिनिटांनी’ हा शब्दप्रयोग काढून टाका. तारखांत एक खड्डा आहे. तेव्हा इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून फेब्रुवारी १६०१ चे मूळ कागद १६०० असं साल दाखवतात. आणि रविवारचा किंवा लेंटच्या उपासकाळातला खेळ लिहिण्याआधी दोनदा विचार करा, तेव्हा मनाई असे.

मग खरडा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, एका बैठकीत एक प्रकरण. त्यांना आवडलं का, हे विचारू नका. ती भिडेखातर हो म्हणतात. ‘आता नेड कुठे उभा आहे आणि त्याला काय हवं आहे?’ एवढंच विचारा. उत्तर आलं नाही ते प्रकरण परत लिहा. ज्या जागी मुलं उठून पाणी प्यायला गेली तिथे पेन्सिलीने खूण करा. बहुतेक वेळा त्या जागी तुम्ही नेडच्या हातातलं काम काढून घेऊन स्वतः इतिहास सांगू लागलेले असता.

शेवटची टीप दोन पानांची असावी. त्यात तीन याद्या द्या : हे खरंच घडलं, हे घडलं असावं, हे मी रचलं. खुणांची वही तिसऱ्या यादीत, पीटर स्ट्रीट पहिल्या.